येतो म्हण

१

जून लागला की शनिवारी आमच्या घरात कोणी झोपत नाही. कोणी म्हणजे मी आणि वीर, दोघंच. उजाडता उजाडता लंडनच्या हॅरोहून गाडी काढायची, अ‍ॅमरशॅमच्या पुढे एका अरुंद रस्त्यावर कुंपणाला चिकटवून लावायची आणि लोखंडी फाटक ढकलून चुनखडीच्या उतारावर जायचं. तिथे रानफुलं असतात. मी त्यांचे फोटो काढते आणि वीर छत्री धरतो.

छत्रीचं हसू येत असेल तर सांगते. रानफुलाचा फोटो जवळून काढायचा तर वारा हा पहिला शत्रू. जरा झुळूक आली की फूल फ्रेमच्या बाहेर. म्हणून वारा उठायच्या आत जायचं. थेट ऊन पडलं की पाकळ्यांचा रंग उडतो, म्हणून पांढरी छत्री. ती फुलावर अशी धरायची की उजेड मऊ पडेल आणि झुळूकही अडेल. धरणाऱ्याचा हात दुखून येतो. इतकं न कुरकुरता छत्री धरणारा नवरा मला पुण्यात मिळाला नसता, हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं आहे.

वीर इथलाच. हॅरोत जन्मला आणि आता इथल्याच एका शाळेत जॉग्रफी शिकवतो. मी पुण्याहून बँकेच्या आयटीत नोकरीला आले आणि इथली झाले. वीरचं मराठी मात्र सगळं त्याच्या आईचं. तो रांगत असतानाच वडील गेले. घरात मराठी बोलणारी आई एकटी. आई ‘मी येते’ म्हणायची, म्हणून हाही ‘मी येते’ म्हणायला शिकला. मी जेवले, मी दमले, मी विसरले. सहा फूट उंचीचा, चांगला दाढीवाला माणूस दारातून ‘ऋजुता, मी आले गं’ म्हणत आत येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून खाली बसले होते. खरं सांगायचं तर त्याच्या प्रेमात पडले ती ह्या ‘मी आले’मुळेच.

पण प्रेमात पडणं वेगळं आणि चारचौघांत ऐकणं वेगळं. ह्या पाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वीर हॉलमध्ये शिरता शिरता ‘सॉरी, मी लेट आले’ म्हणाला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या अंबरीशने माइकवरून ‘या वहिनी, या’ केलं. सगळे हसले. वीरही हसला, तो कशाचंच वाईट वाटून घेत नाही. मला मात्र कानशिलं तापल्यासारखी झाली. त्यात जुलैत माझे आईबाबा पहिल्यांदाच इकडे येणार होते, आणि बाबांची जीभ अंबरीशपेक्षा तिखट आहे.

तेव्हापासून मी मागे लागले. तो ‘येते’ म्हणाला की मी ‘येतो म्हण’ म्हणायचे. स्वयंपाकघरातून, बाथरूमच्या दाराबाहेरून, फोनवरसुद्धा.

“पण मीनिंग सेम आहे ना?” वीर म्हणायचा. “मी आलेच की नाही शेवटी?”

“आलोच.”

“आलो-बिलो मला कोणीतरी दुसराच वाटतो गं.”

हे तो हसत म्हणाला होता. मीही हसले होते.

२

त्या शनिवारी उतारावर खाली धुकं होतं आणि वर लख्ख होतं. आम्ही बी ऑर्किडच्या शोधात होतो. आईला फोनवर हे नाव सांगितलं तर ती म्हणाली, कशाची बी? बी म्हणजे मधमाशी. वीतभर दांडा, त्यावर तीन गुलाबी पाकळ्यांचं फूल आणि मध्ये तपकिरी, मखमली, गुबगुबीत अशी एक माशी बसलेली. ती माशी नसतेच. तो फुलाचाच ओठ असतो. नर माशीला वाटावं की मादी बसली आहे आणि त्याने यावं, एवढ्यासाठी तो सगळा थाट. गंमत म्हणजे इंग्लंडात ती माशी ह्या फुलाकडे फिरकतच नाही म्हणे. फूल तरी दर वर्षी तितकंच नटतं.

“बिचारी,” वीर वाकून म्हणाला. “कोणाची वाट बघते?”

“फूल ते. बिचारं.”

“बिचारं,” तो शहाण्या मुलासारखं म्हणाला आणि छत्री माझ्याजवळ गवतात उघडी ठेवून खालच्या हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाकडे निघाला. तिथे आणखी असतील, असं त्याला वाटत होतं. त्याचा निळा रेनकोट धुक्यात शिरताना मी पाहिला, आणि पोटावर आडवी झाले.

आडवं झालं की गवत डोक्याच्या वर जातं आणि मग आपण कोणालाच दिसत नाही. म्हणून आमची रीत अशी की मधून मधून हाक मारायची. मी कॅमेरा लावला, फोकस जुळवला. ऊन फुलाच्या टोकाला लागायला आलं होतं.

“वीर. छत्री धर ना.”

“येते,” खालून आवाज आला. बराच खालून.

“येतो म्हण,” मी ओरडले. कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही, इतकी ती सवय झाली होती.

खालून काहीच आलं नाही. रुसला वाटतं, असं मनात आलं. सकाळी सकाळी उगाच बोललो आपण, असंही आलं.

“येतो.”

हे माझ्या मागून आलं. वरच्या बाजूने, इतक्या जवळून की त्याला आवाज चढवावा लागला नव्हता. लगेच छत्रीची सावली फुलावर आली, अगदी हवी तशी.

“शाब्बास,” मी म्हणाले आणि बटण दाबत राहिले. तो खाली गेला होता तर वरून कसा आला, हा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. पण उतारावर आवाज फिरतो, आणि तो वळसा घालून आला असेल. फूल समोर असताना इतका विचार कोण करतं? एक मात्र जाणवलं. वीरचा हात थोड्या वेळाने थरथरायला लागतो आणि सावली हलते. त्या दिवशी सावली जराही हलली नाही.

निघताना, फाटकाजवळ, खालून काहीतरी ओरडल्यासारखं झालं. शब्द कळले नाहीत. पक्षी असेल, कोल्हाही असेल. पक्ष्याचा साधा चिवचिवाट झाला तरी वीर थांबून मान वळवतो, कोणता ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तो थांबला नाही. त्याने कडी लावली आणि गाडीकडे चालू लागला.

“रेनकोट कुठे आहे?” मी विचारलं.

“विसरलो,” तो म्हणाला.

विसरलो. मला इतका आनंद झाला की रेनकोटाचं राहूनच गेलं.

३

“आधी अंघोळ करतो, मग खातो,” घरी आल्यावर तो म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, “दमलो.” दुसऱ्या दिवशी दुकानात निघताना दारातून, “येतो हं.”

एकही चूक नाही. मी लेस्टरला देवयानीला फोन करून फुशारकी मारली. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण.

“एका दिवसात? काय केलंस काय तू?” ती म्हणाली. “माझ्या पोराला, परीक्षितला, पाठवते तुझ्याकडे. तो अजून ‘माझी बूट कुठे गेली’ म्हणतो.”

आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला कसंसंच झालं, आणि का ते कळेना.

मग हळूहळू कळायला लागलं. वीरचं मराठी घरापुरतं होतं. खाणंपिणं, आई, माझी थट्टा, एवढंच. राग आला की तो इंग्रजीत जायचा आणि लाडात आला तरी इंग्रजीतच. आता तो माझ्याशी सगळंच मराठीत बोलत होता, आणि ते मराठी माझं होतं. ‘उगाच कशाला’, ‘काहीतरीच काय’, ‘बघू आता’. माझे शब्द, माझेच हेल. शाळेतून फोन आला की इंग्रजी अगदी पहिल्यासारखं. फोन ठेवला की पुन्हा मी.

आणि शब्द अडला की पूर्वी तो सरळ इंग्रजी शब्द घुसवून पुढे जायचा. आता थांबायचा. मंगळवारी चहा करताना त्याने गाळणं हातात धरलं आणि तसाच उभा राहिला.

“ह्याला काय म्हणायचं?”

“तुला माहीत आहे की.”

“तू आधी म्हण.”

“गाळणं.”

“गाळणं,” तो म्हणाला. माझ्याच सुरात, शेवटाला मी जसा जरासा ताण देते तसा देऊन. बोलताना तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

मी स्वतःला समजावलं. माणूस मनावर घेऊन शिकतोय, तर शिकताना ओठांकडेच बघणार. रोज त्याच्या मागे लागत होतीस ती तूच ना? मग आता शिकला तर तक्रार कसली? तक्रार काहीच नव्हती. नवरा घरात होता, भांडी घासत होता, शाळेत जात होता. तरी मला त्याची आठवण येत होती. शेजारी झोपलेल्या माणसाची आठवण यावी, हे कोणाला सांगायचं?

४

बुधवारी आम्ही आईंकडे गेलो. आई म्हणजे वीरची आई, शैला. जवळच केंटनला एकट्या राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबत चाललं आहे, त्यामुळे माणूस त्या आवाजावरूनच ओळखतात. वीरची चाहूल त्यांना फाटकापासून लागते. ‘आई, मी आले’ म्हटलं की त्या आतून ‘आलास का रे बाळा’ म्हणतात. अगदी लहानपणापासूनचं आहे ते.

वीरने बेल दाबली.

“कोण?”

“आई, मी आलो.”

आत पावलं येत होती ती थांबली.

“कोण?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“आई, आम्ही आलोय,” मी म्हणाले. तेव्हा साखळी निघाली.

त्यांनी नेहमीसारखा माझ्या गालाला हात लावला. मग वीरसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे न करता बाजूला झाल्या, पाहुण्याला वाट द्यावी तशा. वीरचा त्या घरात एक मग आहे, निळ्या पट्ट्याचा, कान तुटलेला. त्यातून दुसरं कोणी चहा पीत नाही. त्या दिवशी त्यांनी काचेच्या कपाटातली कपबशी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“साखर किती घेता तुम्ही?” त्यांनी त्याला विचारलं.

मुलाला अहो-जाहो. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वीर म्हणाला, “एक चमचा,” आणि चहा ढवळायला लागला. त्याला काहीच खटकलं नव्हतं.

मी कप उचलायच्या निमित्ताने त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्या नळाला हात लावून उभ्या होत्या, नळ बंदच होता.

“ऋजुता,” त्या हळूच म्हणाल्या, “वीर कधी येणार?”

“आई, तो बाहेर बसलाय की. आत्ता तुम्हीच चहा दिलात.”

“हो, दिला ना. आलेल्या माणसाला चहा देतोच आपण.” त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. “पण वीर कधी येणार?”

वय झालं आहे, मी मनाशी म्हणाले. नजर गेली की माणसं गोंधळतात. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घ्यायला हवी, त्याआधी देवयानीला विचारू, तिच्या सासूबाईंचं असंच काहीतरी झालं होतं. मी एवढे विचार भराभर केले, कारण एक विचार मला करायचाच नव्हता.

परतीच्या वाटेवर वीर म्हणाला, “थकली बिचारी आई.” हे वाक्य महिन्यापूर्वी मी म्हणाले होते. ह्याच रस्त्यावर, अशाच आवाजात.

५

गुरुवारी संध्याकाळी, ऊन अजून टेबलावर असताना, मी त्या शनिवारचे फोटो उघडले. आठवडाभर उघडले नव्हते. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होते.

फोटो फार चांगले आले होते. फुलाच्या ओठावरची लव न् लव दिसत होती. शेवटच्या काहींत उजेड अगदी मऊ होता, छत्रीचा. म्हणजे तेव्हा वीर माझ्या शेजारी उभा होता. फुलाच्या मागे नुसता हिरवा धूसर पडदा, तळाशी काळसर पट्टा, म्हणजे हॉथॉर्नचं कुंपण. त्या पट्ट्यात एक निळा ठिपका होता.

रेनकोट, मला वाटलं. विसरला तो, कुंपणाला अडकवून ठेवला असेल. इतकं साधं होतं ते. मी पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. निळा ठिपका जागच्या जागी होता. शेवटच्या फोटोत तो वरच्या बाजूला लांबला होता. कोणी हात वर करावा तसा.

मी मोठं करून पाहिलं. जितकं मोठं करावं तितके नुसते चौकोन. वारा असेल, बाही हलली असेल. पण वारा नव्हताच. वारा असता तर फूल हललं असतं आणि फोटो असा आला नसता.

“छान आलेत.”

वीर मागे उभा होता. कधी आला कळलं नाही. मी लॅपटॉप मिटला नाही, मिटवासा वाटला तरी.

“वीर,” मी म्हणाले, “एकदा पूर्वीसारखं बोल ना.”

“कसं?”

“मी येते, असं. मी पुन्हा टोकणार नाही. कधीच नाही. बाबा हसले तरी चालेल.”

“तू आधी म्हण.”

मला तेवढे दोनच शब्द ऐकायचे होते. “मी येते,” मी म्हणाले. “म्हण. मी येते.”

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. जरासा हसला.

“परवा पुन्हा जाऊया तिथे?” मी विचारलं.

“उगाच कशाला? फुलं संपली असतील.”

बी ऑर्किड इतक्यात संपत नाही. खालची फुलं सुकतात तेव्हा वरची उमलत असतात. हे मला वीरनेच शिकवलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

६

शनिवारी तो झोपेत असताना मी उठले. गाडीची किल्ली खुंटीवरच ठेवली, आवाज नको म्हणून. दारातून निघताना ‘येते’ म्हणायचं, ही आपली सवय. ओठावर आलेलं ते मी गिळून टाकलं आणि पहिली मेट्रोपॉलिटन ट्रेन पकडली. अ‍ॅमरशॅमहून चालत गेले. वाटेत कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने ‘लव्हली मॉर्निंग’ म्हटलं, मीही ‘लव्हली’ म्हटलं. मला त्या बाईचा हात धरून तिला बरोबर न्यावंसं वाटत होतं.

फाटक उघडून आत गेले, सवयीने पुन्हा कडी लावली. वर ऊन आणि खाली धुकं, गेल्या वेळेपेक्षा दाट. आमचं फूल होतं तिथेच होतं. खालची दोन सुकली होती, वर एक नवं उमललं होतं, माशीसकट. मी कॅमेरा काढला नाही. उभी राहिले. हाक मारायला फार धीर लागला. उत्तर आलं नाही तर मी वेडी ठरणार होते, आणि आलं तर त्याहून वाईट होतं.

“वीर.”

मग खाली, कुंपणापाशी, कोणीतरी खोकलं. खूप दिवस न बोललेल्या माणसासारखा कोरडा आवाज आला.

“येते.”

मी गवतात बसले, आणि बसल्यावर दिसेना म्हणून पुन्हा उठले.

“कुठे आहेस तू?”

“येते. थांब ना.” आवाज थकलेला होता, त्यात राग नव्हता. “कधीची येतेय गं मी.”

त्या उतारावर यलो रॅटल नावाचं एक रोपटं भरपूर आहे. त्याची बोंडं वाळली की आत बिया खुळखुळतात, नुसता पाय लागला तरी. खालून ती खुळखुळ यायला लागली. वारा नव्हता. ती एका रेषेत वर येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. धुक्यात काहीतरी निळं होतं. एवढंच दिसलं, निळं, आणि त्याच्या वर काहीतरी फिकट, तोंड असावं एवढं. माझं मन म्हणत होतं की पळत जा. पाय जागचे हलत नव्हते.

तेवढ्यात वर रस्त्यावर गाडी थांबली. दार लागलं. आमच्या गाडीचं दार दोनदा ओढावं लागतं, ते दोनदा ओढलं गेलं.

तो फाटकापलीकडे येऊन उभा राहिला. ऊन त्याच्या मागून येत होतं, म्हणून चेहरा दिसत नव्हता. उंची वीरची होती, खांदे वीरचे होते. हातात पांढरी छत्री होती, मिटलेली. तो फाटकाशीच थांबला. खालची खुळखुळही थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेल्या शनिवारी ‘येतो म्हण’ म्हणून मीच बोलावलं होतं, आणि आताही दोघं माझ्या बोलावण्यासाठीच थांबले आहेत.

खालचा आवाज खात्रीचा होता. जगात तसं बोलणारा माणूस एकच आहे. मी खाली तोंड केलं. मला म्हणायचं होतं, तसाच ये, येते म्हणतच ये, मला तेच हवं आहे. पण त्याआधी तोच बोलला. आठवडाभर घोकल्यासारखं, एकेक अक्षर जपून.

“सॉरी. येतो. मी येतो. आता बरोबर ना, ऋजुता?”

आणि वर फाटकापाशी, हळू, लाडिक, बरोब्बर दारातून आत येतानाच्या सुरात, दुसरा म्हणाला,

“मी येते गं.”

मी एकदा वर पाहिलं, एकदा खाली. वर नुसती सावली, खाली नुसतं निळं. ‘येते’ खाली होतं ना आधी? होतं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण गेल्या शनिवारी ‘येतो’सुद्धा मी स्वतःच्याच कानांनी ऐकलं होतं, आणि शाब्बास म्हणाले होते. दोघांनाही मीच शिकवलं होतं. आता दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी शब्द शोधत होते. एक असा शब्द, जो माझ्या वीरलाच कळेल आणि दुसऱ्याला कळणार नाही. येतोस म्हणावं तर एकाचं होतं, येतेस म्हणावं तर दुसऱ्याचं, आणि कोणतं कोणाचं ते मला आता सांगता येईना. शेवटी तोंडातून एवढंच निघालं.

“ये.”

म्हटल्यावर मला कळलं. ह्या एका शब्दाला ना बाई असते, ना पुरुष. तो कोणालाही लागू होतो.

खाली बोंडं खुळखुळायला लागली. वर फाटकाची कडी निघाली.